थोरलीच्या कोऱ्या चौकटी

आमच्या भावोजींना रिकामी जागा बघवत नाही. फॉर्मवर 'असल्यास' म्हणून सोडलेल्या जागेतही ते 'नाही' असं लिहून येतात. ताईच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे, आणि जो डबा रिकामा आहे त्याच्यावर 'रिकामा' अशी चिठ्ठी आहे. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा मी ताईला म्हटलं होतं, "अगं, हा माणूस तुझ्या कपाळावर 'बायको' अशी चिठ्ठी डकवेल बघ." ताई तेव्हा माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

मी मेहुणी. माझ्या जिभेला हाड नाही असं घरातले म्हणतात, आणि भावोजींच्या बाबतीत तर मला तो हक्कच आहे असं मी धरून चालते. पण आज थट्टा करायला बसलेली नाही. असा चौकटी भरत जगलेला माणूस, आणि त्याचा घात कोऱ्या चौकटींनीच करावा, याचा मला अजून राग येतो. राग कुणावर काढावा हेही कळत नाही. भावोजींवर काढायला गेले तर ते मान खाली घालून ऐकून घेतात, मग माझंच तोंड बंद होतं.

त्यांची आई ते लहान असतानाच गेली. वडील फिरतीच्या नोकरीवर. त्यामुळे अर्धं वर्ष काकांकडे आणि अर्धं मामांकडे असं त्यांचं बालपण गेलं. दोन्ही घरची माणसं चांगली होती, कुणी जाच केला नाही. पण एका वर्षी काकांना वाटलं, शाळेचे बूट मामा घेतील, आणि मामांना वाटलं, काकांनी घेतले असतील. भावोजी वर्षभर बोटं मुडपून चालले. विचारलं कुणीच नाही आणि यांनी सांगितलं नाही. "दोन घरचा पाहुणा उपाशी," असं म्हणून ते ही गोष्ट हसत सांगतात. त्यांच्या उजव्या पायाचं धाकटं बोट अजून शेजारच्या बोटावर चढलेलं आहे.

पुढे कॉम्प्युटर शिकले, एका विमा कचेरीत लागले. लग्नानंतर ती नोकरी गेली तेव्हा मीच त्यांना आमच्या रोपवाटिकेत आणलं. मी तिथे पॅकिंगच्या शेडमध्ये होते, अजूनही आहे. सफरचंदाची कलमं मुळाला ओला भुसा लावून, सुतळीनं बांधून गावोगावी पाठवायची, हे माझं काम. मालकीणबाईंना हिशेबबिशेब, रोपांची नोंद वगैरे बघायला माणूस हवा होता. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे एक आहेत. रिकाम्या डब्यालाही चिठ्ठी लावतात." बाई म्हणाल्या, "उद्याच घेऊन ये."

मालकीणबाई म्हणजे गुडघ्यापर्यंत बूट, डोक्याला रुमाल आणि खिशात कायम एक वाकडा चाकू. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्यामागे राहिली ती रोपवाटिका आणि थोरली.

थोरली म्हणजे एक झाड. कलमाचा धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सफरचंदाचं बी लावलं तर आईसारखं फळ येईल याची काही शाश्वती नसते. म्हणून चांगल्या झाडाचा डोळा काढायचा, म्हणजे फांदीवरची कोंबाची जागा सालीसकट सोलून घ्यायची, आणि ती दुसऱ्याच एका रोपाच्या बुंध्यात बसवायची. खालच्या रोपाला खुंट म्हणतात. मुळं खुंटाची, फळं डोळ्याची. प्रत्येक कलमाला असे दोन जन्मदाते असतात. पण गिऱ्हाईक खुंटाबद्दल कधी विचारत नाही, फळ कुणाचं एवढंच विचारतं.

मालकांना तरुणपणी ओढ्याकाठच्या पडक्या भिंतीतून उगवलेलं एक रानटी झाड सापडलं होतं. पिवळं फळ, एका गालावर लाली, आणि खोलीत ठेवलं तर दाराबाहेर वास. त्यांनी ते मुळासकट आणून अंगणात लावलं. तीच थोरली. तिच्यासारखं फळ दुसरीकडे कुठेच नव्हतं. जिथे होतं तिथे तिच्याच डोळ्यातून गेलेलं, म्हणून बाकीच्या सगळ्या तिच्या लेकी, नाती, पणत्या. बाई दुपारचा चहा तिच्याखाली बसून घ्यायच्या. "हे गेले, पण हिला ठेवून गेले," असं एकदा माझ्याजवळ म्हणाल्या होत्या. एरवी त्या असलं काही बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

भावोजींनी आल्या आल्या सगळ्या रोपांचं एक टेबल केलं. टेबल म्हणजे आडव्या ओळी, उभे रकाने. प्रत्येक कलमाला एक ओळ, त्यात त्याचा नंबर, लावल्याचं वर्ष, कुणाला विकलं, आणि एक रकाना 'आई'. त्या रकान्यात, डोळा ज्या झाडाचा त्याचा नंबर. काही वर्षांनी त्यांनी आणखी एक रकाना वाढवला, 'खुंट'. खुंट कुठल्या वाफ्यातला ते त्यात लिहायचं. विहिरीजवळचा वाफा, भिंतीकडचा आणि उतारावरचा, असे आमचे तीन वाफे होते. कलमं बांधणारी माणसं कधी वाफा सांगायची, कधी नुसतीच हात हलवून पुढे जायची. जिथे सांगितलं नाही तिथे चौकट कोरी राहिली. भावोजी त्या कोऱ्या चौकटींकडे बघून उसासे टाकायचे. "दात पडल्यासारखं दिसतं," म्हणायचे.

टेबलाची खरी अडचण वेगळीच होती. आई कोण ते एका नजरेत कळायचं. पण पणजी कोण असं विचारलं, की टेबलाला स्वतःलाच जाऊन विचारावं लागायचं, मग परत, मग परत. गावात कुणाचं नातं विचारलं की म्हातारी माणसं सुरू होतात ना, याच्या आईची आई, तिच्या आईची आई, तशातली गत. कॉम्प्युटर घुं घुं करत बसायचा आणि भावोजी तेवढ्यात माझ्या शेडमध्ये येऊन चहा पिऊन जायचे.

एक दिवस ते असे आले आणि चहा राहिला बाजूला, माझ्या पॅकिंगच्या टेबलावर त्यांनी सफरचंदं मांडली. मग माझी सुतळी घेऊन एका फळाच्या देठाला दुसऱ्याचा देठ बांधत सुटले.

"मेहुणीबाई, हे बघा. आता ओळी नाहीत, रकाने नाहीत. प्रत्येक झाड म्हणजे एक ठिपका. नातं म्हणजे एक रेघ. डोळ्याची रेघ वेगळी, खुंटाची वेगळी. एक ठिपका धरून उचलला की त्याचं सगळं खानदान उचललं जातं." आणि त्यांनी मधलं सफरचंद उचललं. बाकीची खरोखरच लोंबकळत वर आली.

"ते सगळं ठीक आहे, भावोजी. माझी सुतळी परत करा," मी म्हटलं.

याला ग्राफ डेटाबेस म्हणतात. त्यांनी तो आणला, पण जुनं टेबल टाकलं नाही. गिऱ्हाइकं, बिलं, वर्षं हे टेबलात चांगलं राहतं, आणि गोतावळा ग्राफमध्ये. रोज कामाच्या शेवटी दोन्हीकडची नोंद जुळवून बघायचे. एकीकडे रोप आलं आणि दुसरीकडे नाही, असं होता कामा नये. "दोन घरं आहेत, दोघांनीही जेवायला वाढलं पाहिजे," असं म्हणायचे. मला बूट आठवायचे.

टेबलातून ग्राफमध्ये सगळं न्यायचं काम त्यांनी एका झपाट्यात केलं. 'आई'ची चौकट भरलेली असेल तर डोळ्याची रेघ, 'खुंट'ची भरलेली असेल तर खुंटाची रेघ. आणि कोरी असेल तर? हे मी सहज विचारलं होतं, काही कळत होतं म्हणून नव्हे.

"कोऱ्या चौकटीला रेघ कशी काढणार? ती तिकडे टेबलात आहेच कोरी. सावकाश भरू."

मग कोऱ्या चौकटी तिकडेच राहिल्या, आणि तिकडे बघायचं हळूहळू सुटलं. टेबल नुसतं बिलांपुरतं आणि रोपांचे नंबर जुळवण्यापुरतं उघडायचं. स्क्रीनवर असायचं ते चित्र, आणि चित्र इतकं देखणं की कुणालाही वाटावं, झालं, सगळं आलं यात. टेबलात रिकामी जागा रिकामी म्हणून दिसते. चित्रात न काढलेली रेघ दिसत नाही. तिथे रेघ असायला हवी होती हे सांगायला कुणी नसतं. हे शहाणपण मला आज सुचतंय, तेव्हा मीही ते चित्र बघून 'वा' म्हटलं होतं.

बाई तर आठवड्यातून एकदा तरी यायच्या. "थोरलीचं घर दाखव," म्हणायच्या. मधोमध मोठा ठिपका, भोवती लेकी, त्यांच्याभोवती नाती, कडेला पणत्या. काही विकल्या गेलेल्या, काही इथेच रांगांत. बाई मातीच्या बोटानं स्क्रीनवर दाखवायच्या, "ही कुठली? ती कुणाकडे गेली?" भावोजी सांगायचे. त्या गेल्या की रुमालानं स्क्रीन पुसायचे.

एक ठिपका भावोजींच्या स्वतःच्या अंगणातला होता. माझी भाची झाली तेव्हा बाईंनी थोरलीचं एक कलम भेट दिलं होतं. भाची आणि झाड बरोबरीनं वाढली. ताई त्याच्या फांदीवर पोतेरी वाळत घालायची आणि भावोजी चिडायचे.

मग एका वसंतात रांगांमधली रोपं वाऱ्यानं पडायला लागली. पडायची म्हणजे मोडायची, बरोबर सांध्यावर, जिथे डोळा खुंटाला जुळलेला असतो तिथे. साल सोलून पाहिली तर आत तपकिरी डाग. सगळी रोपं थोरलीची. दुसऱ्या जातीचं एकही नाही.

कृषी खात्याचे झाडांचे डॉक्टर आले. हडकुळे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी मोडकी रोपं हातात घेतली, चाकूनं सोलली, वास घेतला, आणि म्हणाले, "हा रोग सांध्यात दिसतो, पण राहतो सांध्याच्या वर नाहीतर खाली. म्हणजे डोळ्यातून आला असेल नाहीतर खुंटातून. डोळ्यातून असेल तर तुमचं ते मुख्य झाडच रोगी. खुंटातून असेल तर वाफा."

"तपासून बघता येईल की," बाई म्हणाल्या.

"येईल. नमुने पाठवतो. पण निकाल यायला हा हंगाम जाईल. तोपर्यंत उगम कळला नाही तर मला सगळ्या वाटिकेलाच टाळं लावावं लागेल. एक रोप बाहेर जाणार नाही. उगम कळला, तो काढून टाकला, तर बाकीचा माल सोडता येईल."

म्हणजे एकीकडे थोरली आणि दुसरीकडे आम्ही सगळे, शेडमधल्या बायका, कलमवाले, हंगामावर पोट असलेली माणसं. बाई भावोजींच्या कॉम्प्युटरशी गेल्या, आम्ही मागोमाग.

डॉक्टरांनी विचारलं, "या रोगी रोपांमध्ये सामाईक काय आहे, हे सांगता येईल?"

भावोजींनी रोगी रोपांचे नंबर घातले. उत्तर यायला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. सगळे लाल ठिपके, आणि प्रत्येकातून डोळ्याची रेघ वर जाऊन एकाच ठिपक्याला मिळालेली. थोरलीला.

"आणि खुंट?" डॉक्टर म्हणाले.

भावोजींनी खुंटाच्या रेघा दाखवल्या. दोनचार रोपांना होत्या. एक भिंतीकडच्या वाफ्याला गेली होती, एक उताराच्या. बाकीच्यांना नव्हत्या. "खुंटात काही सामाईक दिसत नाही," भावोजी म्हणाले. आणि ते खरंच होतं. दिसत नव्हतं.

बाईंनी त्यांच्याकडे तोंड वळवलं. "तू सांग. निकाल येईपर्यंत थांबायची माझी तयारी आहे. टाळं लागलं तर लागलं, माणसांना मी सांभाळीन. तुझी खात्री आहे का?"

मी भावोजींकडे बघत होते. मला माहीत होतं, ते उत्तर देण्याआधी दोनदा डोळे मिटतात. तेव्हा मिटले नाहीत.

"हो, बाई. चित्रच आहे समोर."

बाईंनी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर दहादा विचारलं असतं, पण बाईंचा भावोजींवर विश्वास होता, आणि विश्वास बसला की त्या मागे वळून बघत नसत.

थोरली दुसऱ्याच दिवशी पाडली. करवतीचा आवाज सुरू झाला तशा बाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी शेडमध्ये सुतळीचे तुकडे करत बसले होते, कारण नसताना.

पण उगम काढून भागत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आई रोगी तर लेकीबाळीही संशयित, त्या सगळ्या गेल्या पाहिजेत. इथल्याही आणि विकलेल्याही. जुन्या टेबलाच्या काळात हे जमलंच नसतं. दोनचार पिढ्यांनंतर टेबल दमायचं, कुठली तरी पणती सुटायचीच. आता सुटणार नव्हती. भावोजींनी थोरलीचा ठिपका धरला आणि उचलला. तिचं सगळं खानदान बाहेर आलं, मुलीची मुलगी, तिची मुलगी, कुणी कुणाला भेट दिलेली, कुणी शेजाऱ्यासाठी आपल्या झाडाचा डोळा आणून आमच्याकडे बांधून घेतलेलं कलमसुद्धा. भावोजी फोनवर बसले. प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावलं, जे ऐकेनात त्यांच्याकडे स्वतः गेले, झाड उपटून जाळेपर्यंत उभे राहिले. एक म्हातारे गृहस्थ झाडाला मिठी मारून बसले होते म्हणे. त्यांच्या पायाशी भावोजीही बसले, आणि संध्याकाळपर्यंत समजूत घालून झाड काढायला लावलं. रोगाचा फैलाव थांबला पाहिजे, ही त्यांची तळमळ. ती खोटी नव्हती, म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

घरचं झाड राहिलं होतं. ताई म्हणाली, "अहो, आपल्या अंगणातलं कुणाला कळणार आहे? लेकीचं झाड आहे ते."

"मला कळेल ना," भावोजी म्हणाले, आणि कुदळ घेऊन गेले.

ताई मध्ये पडली नाही. तिला ठाऊक होतं, या माणसाला अडवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. भाची तेव्हा शिकायला बाहेर होती. तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाबा, एक फांदी तरी ठेवायची." भावोजींनी तिला फांदीतूनही रोग कसा जातो ते समजावून सांगितलं.

सगळं झाल्यावर ते बाईंकडे गेले. मी तिथेच होते. त्यांचे हात खरचटलेले, पण चेहऱ्यावर काम पुरं झाल्याचं समाधान. "झालं, बाई. एकही सोडलं नाही."

"बरं," बाई म्हणाल्या.

तो हंगाम पार पडला. पुढच्या वसंतात वारा सुटला आणि रोपं पुन्हा मोडली. यंदाची रोपं दुसऱ्याच जातीची. थोरलीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

डॉक्टर परत आले. या वेळी ते चित्र बघायला आले नाहीत, सरळ रांगेत उकिडवे बसले, आणि रोपाच्या बुंध्याची माती बोटांनी बाजूला केली. सांध्याखालची साल तांबूस होती. पुढच्या रोपाचीही. त्याच्या पुढच्याचीही.

"हा तांबड्या सालीचा खुंट कुठल्या वाफ्यातला?"

"विहिरीजवळच्या," बाई म्हणाल्या. "तिथलेच खुंट असे असतात. जोमदार खुंट, म्हणून ते फक्त थोरलीलाच वापरायचे. मालकांनी घालून दिलेला नियम होता. थोरलीच नाही उरली, म्हणून यंदा या जातीला वापरले."

डॉक्टर उभे राहिले. चष्मा काढून त्यांनी पुसला. "थोरलीची सगळी कलमं विहिरीजवळच्या खुंटावर होती?"

"सगळी. पहिल्यापासून. इथे सगळ्यांना माहीत आहे."

होतं. सगळ्यांना माहीत होतं. कलमवाल्यांना, शेडमधल्या बायकांना, मला. म्हणून तर कलम बांधणारी माणसं थोरलीच्या कलमाचा वाफा सांगायचीच नाहीत, नुसती हात हलवून पुढे जायची. थोरलीचं कलम म्हणजे विहिरीचा खुंट, हे काय सांगायचं? कुणी नवशिका असला तरच विचारल्यावर चुकून दुसराच वाफा सांगून जायचा, आणि तेवढंच लिहिलं जायचं. भावोजींच्या चित्रात ज्या दोनचार रेघा होत्या त्या असल्याच, चुकीच्या. जे सगळ्यांना माहीत ते कुणी लिहीत नाही, आणि त्या दिवशी चित्रासमोर उभं असताना आमच्यातल्या प्रत्येकाला वाटलं, ते चित्रात धरलेलंच असणार. कॉम्प्युटरला एवढं कळत नसेल होय?

भावोजी कचेरीत गेले. मी मागे गेले. त्यांनी चित्र उघडलं नाही. जुनं टेबल उघडलं, थोरलीच्या लेकी काढल्या, आणि 'खुंट'चा रकाना खालपर्यंत बघत गेले. कोरी चौकट, कोरी चौकट, कोरी चौकट. इतक्या दिवसांत ते टेबल एकदा जरी असं उघडलं असतं तर आंधळ्यालाही दिसलं असतं.

"मेहुणीबाई," ते म्हणाले, "काकांना वाटलं मामा घेतील."

मला त्यांना काहीतरी टोचून बोलायचं होतं. मी त्यांच्यासाठी चहा ठेवायला गेले.

नमुन्यांचा निकालही त्याच सुमारास आला. थोरली निरोगी होती. विहिरीजवळच्या वाफ्यातल्या मातीतच रोग होता. तो वाफा खणून, जाळून बंद केला.

भावोजींनी मग त्या सगळ्या चौकटी भरल्या. मेलेल्या झाडांच्या. कुणीही सांगितलं नव्हतं, कुणाच्या उपयोगाचंही नव्हतं. एकेका ओळीत 'विहिरीजवळचा' असं लिहिलं, आणि ग्राफमध्ये एकेक रेघ काढली. घरी ताई म्हणायची, "त्यांना सांग, जेवायला तरी वेळेवर या." अंगणातला खड्डा मात्र त्यांनी भरला नाही. ताईनं दुसरं झाड लावू का विचारलं तर म्हणाले, "नको." ज्यांना रिकामा डबा चिठ्ठीशिवाय चालत नाही, ते त्या खड्ड्याला वळसा घालून रोज कामावर जातात. पावसाचं पाणी साठतं, ताई बादलीनं उपसते.

काम संपलं त्या सुमारास एकदा बाई कचेरीत आल्या. पाडापाडीनंतर त्या तिथे फिरकल्या नव्हत्या. बूट दाराशी काढले आणि खुर्चीवर बसल्या.

"थोरलीचं घर दाखव."

भावोजींनी दाखवलं. मधोमध तिचा ठिपका, भोवती लेकी, नाती, पणत्या. आता चित्र खरंच पुरं होतं. प्रत्येक ठिपक्यातून डोळ्याची रेघ थोरलीकडे, आणि खुंटाची रेघ खाली, कोपऱ्यातल्या एका ठिपक्याकडे. विहिरीजवळच्या वाफ्याकडे. इतक्या रेघा तिथे जमल्या होत्या की तो कोपरा काळा झाला होता.

बाईंनी एका पणतीवर बोट ठेवलं. "ही कुठली?"

"ती डोंगराकडच्या शाळेतली. अंगणात होती."

"आणि ही?"

"ती त्या म्हाताऱ्या गृहस्थांची."

"आणि ही?"

"ती आमच्याकडची, बाई."

बाईंनी बोट मागे घेतलं नाही. "एवढ्यांतून एखादी असेल ना रे कुठेतरी? कुणी ऐकलं नसेल, कुणी लपवली असेल. एक डोळा मिळाला तरी पुरे. एक डोळा मिळाला तर मी परत उभी करीन."

मला माहीत आहे, त्या क्षणी भावोजींना खोटं बोलावंसं वाटलं असेल. असेल कुठेतरी, शोधतो, असं म्हणता आलं असतं. या वेळी त्यांनी दोनदा डोळे मिटले.

"नाही, बाई. मी एकही सोडलं नाही."

बाई उठल्या. दाराशी जाऊन बूट चढवले, आणि वळून म्हणाल्या, "काम मात्र चोख केलंस हो." त्यात टोमणा नव्हता. बाईंना टोमणे मारता येत नाहीत, त्या मनापासूनच म्हणाल्या. त्या गेल्यावर भावोजी टेबलावर डोकं टेकून रडले, आणि मी, जिच्या जिभेला हाड नाही म्हणतात, त्यांच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिले.